आतली बातमी

"बळवंतराव गेले. घोषणा दुपारनंतर होईल." सकाळी नऊ वाजता भालचंद्रांनी फोरमवर असं लिहिलं होतं. आता दीड वाजत आला तरी घोषणा काही होत नव्हती आणि हॉस्पिटलच्या मागच्या गेटाशी त्यांच्या येरझाऱ्या थांबत नव्हत्या.

मराठी मंडळींच्या त्या फोरमवर भालचंद्र 'राजधानीकर' या नावानं लिहीत. खरं तर ते निवृत्त सेक्शन ऑफिसर, दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका सोसायटीत राहणारे. आतल्या गोटातलं त्यांना पेपरात छापून येई तेवढंच कळे. पण नाशिक-सोलापूरकडच्या लोकांना वाटतं, दिल्लीत राहणारा मराठी माणूस रोज सकाळी मंत्र्यांबरोबरच चहा घेतो. भालचंद्रांनी हा समज कधी खोडून काढला नव्हता. कोण काढेल?

आजही त्यांनी शितावरून भाताची परीक्षा केली होती. माजी मंत्री बळवंतराव आठवडाभर आयसीयूत. मुलाची सभा अचानक रद्द. धाकटी मुलगी केतकी विमानतळावर उतरली ती पांढऱ्या ड्रेसमध्ये. झालं, लिहून टाकलं. चारशे लोकांनी श्रद्धांजली वाहिली. मग चॅनेलवाले 'प्रकृती स्थिर' म्हणू लागले आणि नाशिकच्या प्रतीकनं लिहिलं, "काका, तुम्ही तर तिथेच आहात. एकदा जाऊन खात्री करा की." म्हणून ते जेवण सोडून मेट्रोनं इथवर आले होते.

म्हातारा खरंच गेलेला असावा, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. तसं वाटल्याची लाजही वाटत होती. पण तोंडघशी पडायची भीती त्या लाजेहून मोठी होती.

बायकोचा फोन आला. "अगं, अजून काहीच कळत नाही. तू जेवून घे," म्हणून त्यांनी तो घाईनं ठेवला.

"काका, तुम्ही मराठी?"

मागे केतकी उभी होती. हातात औषधांची पिशवी, अंगावर तोच पांढरा ड्रेस. तिचा फोटो भालचंद्रांनी इतका मोठा करून पाहिला होता की ओळखायला क्षणही लागला नाही.

"बाबांसाठी आलात ना?" ती म्हणाली. "बाबा ठीक आहेत हो. सकाळी बोललेसुद्धा. टेन्शन आहे ते आईचं."

"का? त्यांना काय झालं?"

"कुणी राजधानीकर म्हणून फोरमवर लिहितो. बाबांचं मंत्रिपद गेलं, तेव्हा घरी फोन यायच्या आधी त्यानं लिहिलं होतं. तेव्हापासून आईचा त्याच्यावर देवासारखा विश्वास. आज सकाळी त्यानं 'गेले' म्हणून लिहिलं. आता डॉक्टर काही सांगोत, आईला सगळे खोटं बोलतात असंच वाटतंय. आयसीयूत पाऊल टाकायला तयार नाही. आणि बाबा आत सारखं तिलाच विचारताहेत." तिचे डोळे भरून आले. "तुम्ही वर येता का? बाहेरच्या माणसाचं ऐकेल कदाचित. फक्त पाच मिनिटं."

मंत्रिपदाची ती बातमी भालचंद्रांना आठवली. पेन्शनच्या कामाला गेले असताना मंत्र्यांच्या खोलीबाहेरच्या कुंड्या टेंपोत चढताना दिसल्या होत्या. बाकी काही नाही.

लिफ्टची वाट बघता बघता त्यांनी फोरमवर लिहिलं, "माझी चूक झाली. बळवंतराव सुखरूप आहेत. मला क्षमा करा." मग ते केतकीबरोबर वर गेले.

नातेवाइकांच्या खोलीत कुमुदताई सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. कपाळावरचं कुंकू पुसलेलं. हातातल्या हिरव्या बांगड्या काढून शेजारच्या टिपॉयवर ठेवलेल्या.

"आई, हे काका आपल्याकडचेच आहेत. ते पण सांगताहेत, बाबांना काही झालेलं नाही."

"त्यानंही आता तेच लिहिलंय." कुमुदताईंनी मोबाइल पुढे केला. "चूक झाली म्हणे! दबाव आणला त्याच्यावर. हे बघ, सगळे तेच म्हणताहेत."

भालचंद्रांनी वाचलं. त्यांच्या माफीखाली प्रतीकनं लिहिलं होतं, "काकांना गप्प केलेलं दिसतंय. समजणाऱ्याने समजून घ्या." त्याखाली लोकांनी हात जोडले होते.

"वहिनी," ते म्हणाले, "तो राजधानीकर मीच."

दोघी त्यांच्याकडे बघू लागल्या.

"मला आतलं काहीही कळत नाही. मला कुणी गप्प केलेलं नाही. मी घरी बसून टीव्ही बघतो. तुमच्या मुलीचा पांढरा ड्रेस पाहिला आणि ठोकून दिलं."

केतकीनं आधी आपल्या ड्रेसकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिचा चेहरा उतरला. तिला पटलं होतं.

कुमुदताईंनी मात्र त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. झिजलेल्या सँडल, उसवलेली कॉलर, खिशातून डोकावणारं मेट्रोचं कार्ड.

"भले गृहस्थ आहात तुम्ही," त्या म्हणाल्या. "माझ्या समाधानासाठी एवढं खोटं बोलताय. पण तो माणूस असा नसणार हो."

"वहिनी, शपथ घेऊन सांगतो..."

तेवढ्यात आयसीयूचं दार उघडून नर्स बाहेर आली. "माताजी, चलिए ना. अंकल कब से आपको बुला रहे हैं."

कुमुदताई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी नर्सचा हात हातात घेतला आणि तिचीच समजूत घालावी तशा म्हणाल्या, "रहने दो, बेटी. हमको सब पता है."