न घेतलेलं नाव

“आजोबा, ती सापडली! खिडकीतली मुलगी!” इशिता फोनवर जवळजवळ ओरडलीच. “शी इज कमिंग टू हाउन्सलो. शनिवारी. माझी विश्वासच बसत नाहीये!”

एरवी सुखदेवराव वाघमाऱ्यांनी तिचं मराठी सुधारलं असतं. आज त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला. मग म्हणाले, “नक्की तीच का गं?”

तीच होती. इशिता इंग्लंडमध्येच, वॉटफर्डला जन्मलेली, सव्वीस वर्षांची; नात्यातली नसली तरी ती त्यांना आजोबाच म्हणायची. इथल्या जुन्या वंशद्वेषी हल्ल्यांची नोंद करणाऱ्या एका प्रकल्पात ती काम करत होती. दोन वर्षांत तिने चाळीस म्हाताऱ्यांच्या साक्षी रेकॉर्ड केल्या होत्या. त्यातली सुखदेवरावांची तिला सर्वांत जास्त छळत होती. १९७८ साली, शनिवारच्या भर दुपारी, एका कारखान्याच्या गावात तीन गोऱ्या पोरांनी त्यांना बसस्टॉपवर लाथांनी तुडवलं होतं. जबडा मोडला, डावा कान कायमचा गेला. समोरच्या खिडकीतून एक मुलगी बघत होती, एवढं त्यांना आठवत होतं. पोलिसांच्या कागदावर मात्र एकच ओळ होती: दारूच्या नशेत पडून जखमी. सुखदेवराव दहा वर्षांचे असताना, छप्पन साली, वडिलांचं बोट धरून नागपूरच्या दीक्षेला गेले होते. दारूचा थेंब त्यांनी कधी तोंडाला लावला नव्हता. आता पोलीस म्हणत होते, प्रत्यक्ष पाहणारं कुणी आणा. नोंद दुरुस्त करू, लेखी माफीही देऊ.

शनिवारी लायब्ररीतल्या छोट्या खोलीत जॅनिस आली. एकसष्ट वर्षांची, ओला कोट अंगावर तसाच ठेवून बसलेली. इशिताने रेकॉर्डर सुरू केला. सुखदेवरावांनी उजवा कान जॅनिसकडे केला.

“मी चौदा वर्षांची होते,” जॅनिस म्हणाली. “आमच्या दुकानाच्या वरच्या खिडकीत उभी होते. तिघांपैकी एक माझा भाऊ होता. तुम्ही नुसते बसची वाट बघत होतात. त्यांनी मागून येऊन मारलं. वडिलांनी मला पढवलं, पोलिसांना सांग, माणूस प्यायलेला होता, आपणच पडला. मी तसं सांगितलं. मी खोटं बोलले, मिस्टर वाघमारे. सही करायला आले आहे. माफी मागायलाही.”

इशिताला उठून नाचावंसं वाटलं. सत्तेचाळीस वर्षांनी! ती ओल्या डोळ्यांनी सुखदेवरावांकडे वळली. “आजोबा, झालं! वुई हॅव इट!”

सुखदेवराव हसले नाहीत. ते जॅनिसकडे टक लावून बघत होते.

“तुम्ही एकाचं नाव घेतलं नाही,” ते इंग्रजीत म्हणाले. जॅनिसने मान खाली घातली. इशिताने रेकॉर्डरकडे हात नेला, तसे ते म्हणाले, “बंद करू नकोस. माझी साक्ष राहिली आहे.”

“आजोबा, तुमची तर झाली ना? तीन तास!”

“ती अर्धी होती.” त्यांनी पाण्याचा घोट घेतला. “एव्हर्टन नावाचा एक जमैकन होता. माझ्याच कारखान्यात. तो धावत आला आणि त्या पोरांना माझ्यावरून ओढून काढलं. झटापटीत एकाचा हात मोडला. पोलिसांनी त्यालाच धरला. हॉस्पिटलमध्ये त्यांनी मला विचारलं, तुला कुणी मारलं? हा काळा माणूस तुला वाचवत होता का? पुढच्या महिन्यात माझी बायको आणि मुलगी भारतातून यायच्या होत्या. कागद अडकतील, नोकरी जाईल, अशी भीती वाटली. मी लिहून दिलं, काही आठवत नाही. त्याला आठ महिने तुरुंग झाला.”



“ही पोर चौदाची होती,” सुखदेवराव म्हणाले. “मी बत्तीसचा होतो. दारूला मी कधी शिवलो नाही, पण खोटं बोललो. माझी ओळ दुरुस्त करायच्या आधी त्याची करा. इशिता, त्याला शोध. तो असला, तर मला त्याच्यासमोर बसायचंय. आज ही माझ्यासमोर बसली तसं.”

बोलताना त्यांचा आवाज चढत गेला होता. सत्तेचाळीस वर्षं धरून ठेवलेला श्वास सुटावा तसा तो मोकळा, घाईघाईचा झाला होता. 

जॅनिसने वर पाहिलं. ती रडत होती, आणि हसतही होती.

“मी आधी एव्हर्टन यांच्याकडेच गेले होते,” ती म्हणाली. “ब्रिस्टलला. तुमच्या प्रकल्पाची बातमी कापून त्यांनीच जपून ठेवली होती. मला म्हणाले, आधी सुखदेवचं नाव स्वच्छ कर. आणि तिथे माझं नाव काढू नकोस, त्याच्या जिवाला लागेल.”

 सुखदेवराव एकदम उठले. खुर्ची मागे घसरली. कोटाची एक बाही चढवतच ते म्हणाले, “इशिता, ब्रिस्टलची गाडी कुठून सुटते गं?”