पूर्ण पत्ता

पाचला वीस मिनिटं कमी होती आणि भिंगरीचा मुंग्यांवरचा प्रकल्प डोळ्यांसमोर दिसत असूनही उघडत नव्हता. विज्ञान शिबिराची मुदत पाचच्या ठोक्याला संपत होती. तिने पुन्हा क्लिक केलं. संगणकाने पुन्हा तेच ऐकवलं: फाइलचा मार्ग फार लांब आहे.

"बाबा, माझ्या फाइलला काय केलंत?"

"नीट लावली," बाबा चहात फुंकर मारत म्हणाले. "उघड्यावर पडली होती बिचारी."

बाबांची सगळी नोकरी टपाल कचेरीत पत्रं निवडण्यात गेली होती. जगातली निम्मी दुःखं अपुऱ्या पत्त्यामुळे होतात, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे फाइल आता 'आपले राहते घर, दुसरा मजला, जिन्याच्या उजव्या हाताला' या फोल्डरात, त्यातल्या 'धाकट्या कन्येचे शालेय कामकाज' मध्ये, त्यातल्या 'विज्ञान, गणितासाठी शेजारी चौकशी करावी' मध्ये, अशी सात दारं ओलांडून आत बसली होती. तिचं स्वतःचं नाव दीड ओळीचं.

भिंगरीने ती बाहेर ओढून पाहिली. येईना. नक्कल करून पाहिली. होईना.

बाबा चष्मा सावरत पडद्याजवळ आले. "पत्ता लांब म्हणून पत्र परत? आम्ही आखूड पत्त्यांची परत करायचो. लांबवाल्यांना तर दुवा द्यायचो."

"त्याला अडीचशेच्या वर अक्षरं झेपत नाहीत, बाबा."

"मग ठेवून घेतानाच सांगायचं ना. घेताना मुकाट घेतली, आणि मागायला गेलं की तोंड वर करून लांबी मोजतोय."

भिंगरीला वाद घालायला वेळ नव्हता. ती बाहेरच्या दारापासून सुरू झाली. 'आपले राहते घर' वगैरे सगळं पुसून तिथे नुसता 'घ' ठेवला.

"घ म्हणजे कोणाचं घर?"

"संगणकात आपणच राहतो, बाबा."

मग 'क'. मग 'वि'. न्हाव्याने नको तेवढे केस कापावेत आणि ते मुकाट आरशात बघत बसावं, तसे बाबा बघत होते. चौथं दार आखडलं आणि फाइल उघडली. पडद्यावर मुंग्या रांगेने चालत्या झाल्या.

पाचला चार मिनिटं कमी असताना प्रकल्प गेला. पोचपावतीही आली. ती बघून बाबा निवळले, पण थोडेच.

दुसऱ्या दिवशी भिंगरी शाळेतून आली तेव्हा ते संगणक बनवणाऱ्यांना पत्र लिहून बसले होते. 'घेतलेली वस्तू परत देणे जमत नसेल तर दारातच तसे सांगावे' ही त्यातली सौम्य ओळ. पाकिटावर कंपनी, इमारत, मजला, खिडकी, 'आणि तेथे जो कोणी समंजस असेल त्यास'. पाकीट अक्षरांनी काठोकाठ भरलं होतं.

"तिकीट कुठे लावणार?" भिंगरीने हसू दाबत विचारलं.

बाबांनी पाकीट उलटं केलं. मागे त्यांचा स्वतःचा पत्ता होता. तोही पूर्ण.

आता बाबा काय खोडतात, हे बघायला ती खुर्ची ओढून बसली.

बाबांनी काहीच खोडलं नाही. तिच्या वहीतून कोऱ्या कागदाची एक पट्टी कापली, डिंकाने पाकिटाच्या कडेला जोडली, आणि त्या शेपटीवर तिकीट ठेवून वरून मूठ दाबली.