मागच्या शिटाचं माप

"बाबा, दिसून राह्यलं का?"

मोबाइलवर आधी नुसता पांढरा भुगा दिसला. मग त्यातून धम्मरत्नची कानटोपी आणि लालबुंद नाक वर आलं. तिकडे कॅनडात संध्याकाळ होती. इकडे धाड गावात नुकतं उजाडलं होतं, आणि पुंजाजी आंघोळ उरकून, इस्त्रीचा सदरा घालून ओसरीत खुर्चीवर बसले होते. मुलासाठी गाडी पसंत करायची होती.

मोठी वस्तू बापाला विचारल्याशिवाय घ्यायची नाही, ही त्यांच्या घरची रीत. पुंजाजी एसटीत कंडक्टर लागले तेव्हा त्यांनी सायकल घेतली, तीही बापाला दुकानात नेऊन. बापाला सायकल येत नव्हती. तरी त्याने चाक फिरवून पाहिलं, घंटी वाजवली आणि मग म्हणाला, घे.

धम्मरत्नने तीन गाड्यांचे फोटो पाठवले होते. तिकडच्या बर्फात दोन चाकांच्या जोरावर भागत नाही, चारही चाकं ओढणारी गाडी लागते, असं त्याने समजावलं होतं. पुंजाजींनी आठवडाभर बर्फातून घाट चढणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ पाहिले. चाकांचं त्यांना फारसं कळलं नाही. शिटं कळली. लाल गाडीला सात होती. मुलगा, सून, दोन नाती आणि आपण दोघं. एक उरत होतं. उरू दे.

समोर सतरंजीवर त्यांची बायको जनकाबाई गोधडी शिवत होती. लाल गाडीच्या मागच्या शिटावर अंथरायला. "पुढच्या हिवाळ्यात बर्फ पाह्यले याच," असं लेक म्हणाला, तेव्हापासून तिचे टाके सुरू होते. लांबी तेवढी ठरायची राहिली होती.

"शेवटच्या शिटाचं माप इचारा बरं," ती उठत म्हणाली. "अन् खिडकीपाशी मी बसीन. तुमी उभे राहा. तुमाले सवयच हाय."

स्वतःच हसत ती चहा ठेवायला आत गेली.

"बाबा, तुमी म्हनसान तेच घेऊ," धम्मरत्न म्हणाला. "पह्यले ही करडी पाहा. मंग लाल पाहू."

दार उघडून तो आत बसला. फोन इकडून तिकडे फिरवू लागला. हे बटन बर्फाचं. हे शीट गरम करायचं. आरसा, पडदा, पुन्हा बटन.

पुंजाजी बटनं पाहत नव्हते. शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली की खाली उतरण्याआधी वाकून प्रत्येक शिटाखाली पाहायचं, ही त्यांची नोकरीतली सवय. कुणाची छत्री, कुणाचा डबा, कुणा लेकराची एक चप्पल. नजर आपोआप तिथेच गेली.

मागच्या शिटाखाली गुलाबी हातमोजा पडला होता. लहान मुलीचा. रबरी चटईच्या खाचांत बिस्किटाचा चुरा बसला होता. शिटावर पोरींच्या दोन खुर्च्या पट्ट्यांनी आवळून बांधलेल्या. त्यांच्या मधे एखादी पिशवी राहिली असती.

ही गाडी विकायला उभी नव्हती. ती घरी जाऊन आली होती. कितीतरी वेळा.

"दाखवून झालं का रे?" शेजारच्या शिटावरून समताचा आवाज आला. सून पडद्यावर दिसत नव्हती. "पोरींना क्लासमधून आणायचंय."

"मंग, बाबा?" फोन स्वतःकडे वळवत धम्मरत्न घाईने म्हणाला. "लाल पाहाची काय? जराशी लांब उभी हाय, पण जाऊ आपन."

तो काचेतून बाहेर पाहत होता. बिनतिकिटाचा माणूस असाच बाहेर पाहत बसतो, कंडक्टर जवळ आला की. पुंजाजींनी असे कितीतरी धरले होते. खांद्याला नुसतं बोट लावलं तरी पुरायचं.

आतून कपांचा आवाज आला.

"हीच घे," पुंजाजी म्हणाले.

"ही? अन् सात शिटाची म्हनून राह्यले होते ना तुमी?"

"काय करतं बे सात घेऊन? रिकामीच जाईन."

"मले बी तेच वाटे," धम्मरत्नचा चेहरा मोकळा झाला. "तुमाले बराबर समजते, बाबा. उद्याच बुक करतो मंग."

"हाव. कर."

फोन काळा झाला. पुंजाजींनी तो सदऱ्याच्या बाहीला पुसून खिशात ठेवला.

जनकाबाई चहा घेऊन आली. "ठरली?"

"ठरली."

"लालच ना?"

"हाव."

"अन् माप?"

पुंजाजींनी कप खाली ठेवला. दोन्ही हात समोर धरले. एवढं. तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि हात आणखी थोडे लांब केले.

ती दोऱ्याचं रीळ घेऊन पुढे आली. दोऱ्याचं टोक त्यांच्या डाव्या तळहातावर अंगठ्याने दाबलं आणि दोरा ताणत उजव्या हातापर्यंत नेला.

"हात हालवू नोका," ती म्हणाली. "माप चुकन."

मग तिने दाताने दोरा तोडला, खिळ्याला लटकवावा तसा दोन बोटांत धरून पाहिला.

"आपन दोघं बसून मधात डब्बा बी राहीन."

ती गोधडीकडे वळली. पुंजाजींचे हात तसेच हवेत राहिले.