इंदूची कोथिंबीर

कुंडीवर वाकून कारखानीसांनी खोल श्वास घेतला आणि त्यांना सटासट तीन शिंका आल्या.

गेल्या पिकाला त्यांच्या बायकोचा, इंदूचा वास यायचा. ती गेल्यावर प्रयोगशाळेने तो उशीच्या अभ्र्यावरून काढून कोथिंबिरीत उतरवून दिला होता. कोथिंबीर एकदा फुलली की संपते, म्हणून तिचं बी धरायचं आणि तोवर फुलांवर मलमल बांधायची, असं प्रयोगशाळेनं बजावलंही होतं. कारखानीसांनी दोन दिवसांत मलमल सोडली. इंदूला डोक्यावरून पांघरूण कधी सोसलं नव्हतं.

शेजारच्या गॅलरीत लोखंडे मास्तर होते, म्हणजे कुंडीत. मधल्या वाऱ्या मधमाश्यांनी केल्या. हे पीक त्यातून धरलेल्या बियांचं, आणि जुनं बी आता चिमूटभरही उरलं नव्हतं.

"वहिनी, मास्तर तपकीर ओढायचे?"

"मरेपर्यंत. का हो, भाऊजी?"

त्यांनी कठड्यावरून कुंडी पुढे केली. लोखंडेवहिनींनी नाक खुपसलं ते बराच वेळ वर काढलंच नाही.

"आमची कुंडी उन्हानं करपली हो, बीसकट," त्या म्हणाल्या. "थोडे मास्तर द्याल?"

"एकटे मास्तर कसे निवडून देऊ? इंदूही येईल."

"येऊ देत. मी नीट सांभाळीन त्यांना."

दवाखान्यातून इंदूला शेवटचं नेलं, तेव्हा कारखानीसांना दारातच थांबवलं होतं, सोबत जाऊ दिलं नव्हतं. त्यांनी अर्धी रोपं मुळांसकट काढली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि शेजारच्या दारापर्यंत तिला पोचवायला स्वतः गेले.