होम प्लेटची वाट

"पोरीच्या जातीनं मैदानात जायाचं नाही वं, मांगं फिर!" दोन्ही हात चौकटीला लावून मनोहरकाकांनी दार अडवलं होतं. तेव्हा अकरा वर्षांची असलेल्या रोशनीच्या कानातून तो आवाज पुढं पंधरा वर्षं गेला नाही.

आज उमरेडला लहान मुलांच्या बेसबॉल सामन्यात अंपायर तीच होती. शेवटचा डाव, दोन्ही बाजू बरोबरीत. एक पोरगी धाव पुरी करायला जिवाच्या आकांतानं होम प्लेटकडे धावत आली. प्लेटपाशी चेंडू झेलणारा कॅचर होता काकांचा नातू प्रज्वल. चेंडू अजून हवेतच, अन् हा पठ्ठ्या वाटेत पाय रोवून उभा! पोरगी त्याच्यावर आदळून पडली. नंतर हातात आलेला चेंडू त्यानं तिला बाद करायला टेकवला.

"धाव मंजूर," रोशनी म्हणाली. सामना पोरीच्या संघानं जिंकला.

काका तणतणत मैदानात आले. "आउट हाय ते! घरच्याच पोराले हरवून राहिली, काहून वं?"

"चेंडू हातात नसला तं कोनाची वाट अडवता येत नाही, काका. नियम हाय."

"मोठी आली नियमवाली!"

रोशनीनं तोंडावरची जाळी काढली.

"मंग सांगा, मले दारात अडवलं तवा तुमच्या हातात काय होतं?"