सुटलेली पापणी

बायको गेल्यापासून म्हाताऱ्या शिंप्याशी गिऱ्हाईकं मापापुरतीच बोलायची. दुकानातल्या चिंध्यांत मांजरीने टाकून दिलेलं पिल्लू सापडलं, तेव्हा त्याचे दोन्ही डोळे पुवाने चिकटले होते. "ओढून उघडू नका, कोमट पाण्याने पुसत राहा," जनावरांच्या डॉक्टरीणबाई थेंबांची बाटली देत म्हणाल्या, "जगेलच असं सांगता येत नाही." लेकीने फोनवर विचारलं, "बाबा, तुमचं तुम्हाला होत नाही, त्यात हा व्याप कशाला?" एवढं बोलून तिने फोन ठेवला. शिलाईमशीन बंद ठेवून तो ओल्या कापसाने डोळे पुसत राहिला, ड्रॉपरने दूध पाजत राहिला. पाचव्या दिवशी दुपारी एक पापणी सुटली. निळसर डोळा त्याच्याकडे एकटक पाहू लागला. इतकं निरखून आपल्याकडे कुणी शेवटचं कधी पाहिलं होतं, ते त्याला आठवेना. त्याने छातीवरची उघडी बटणं नीट लावली.