शशिकलाबाईंचा घास

शशिकलाबाईंनी वरणभाताचा घास घेतला आणि शेजारच्या पलंगावर दिगंबररावांचे ओठ हलले.

पक्षाघातानंतर दिगंबररावांची वाचा गेली होती. अन्न नळीनेच जायचं आणि चवीशिवाय ते पोटात टिकत नव्हतं. म्हणून आहारतज्ज्ञ केळुसकर मॅडमनी नवरा-बायकोच्या जिभांत एकेक चिप बसवून घेतली. बाई खातील त्याची चव आता त्यांना लागायची. महिन्याभरात त्यांचं वजन चार किलोंनी वाढलं.

"साखरही आटोक्यात आली," रिपोर्ट बघत मॅडम खुशीत म्हणाल्या. "आता पथ्य थोडं सैल करू. काकांना सगळ्यात जास्त काय आवडतं?"

मीठ कमी पडलं तरी दिगंबरराव ताट भिरकावायचे. एकदा बाईंनी कारल्याची भाजी केली होती. त्या ताटाची खूण अजून बाईंच्या भुवईवर होती.

"कारलं," बाई म्हणाल्या. "गूळ न घालता."

मॅडमनी लिहून घेतलं. दिगंबररावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"बघा, नुसत्या नावानेच किती भरून आलं काकांना!" मॅडमचाही आवाज ओला झाला. "रोज खात जा त्यांच्यासाठी."

"खाईन की," बाई म्हणाल्या. "आणि प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा, असंच सांगितलंय ना तुम्ही?"